लोहपात्र आणि फाडलेला कागद: शीख परंपरेतील दीक्षा व मुक्ती

१/ 'खालसा' हा शब्द कानावर पडला की मराठी वाचकाला आधी डलहौसी आठवतो. १८४८ मध्ये सातारा खालसा झाले, पाठोपाठ नागपूर आणि झाशी. मधल्या काळात, १८४९ मध्ये, पंजाबातील खालशाचे राज्यही खालसा झाले. शब्द एकच, अर्थ मात्र दोन टोकांचे: एकीकडे दीक्षित शिखांचा पंथ, दुसरीकडे सरकारजमा झालेला मुलूख. दोन्ही अर्थांचे मूळ अरबी 'खालिस', म्हणजे शुद्ध, निर्भेळ. मोगल महसुली कारभारात 'खालिसा' जमीन म्हणजे जिचा वसूल कोणा जहागीरदाराच्या हाती न पडता थेट बादशाही खजिन्यात जाई ती. दोघांच्या मध्ये कोणी नाही. शीख दीक्षेचा इतिहास उलगडताना हा रुक्ष महसुली अर्थ 'शुद्ध' या अर्थापेक्षा जास्त कामी येतो.

२/ कारण सतराव्या शतकाच्या अखेरीस गुरू आणि शीख यांच्या मध्ये खरोखरच कोणीतरी उभे होते. त्यांचे नाव मसंद. चौथे गुरू रामदास यांच्या काळात ही व्यवस्था उभी राहिली आणि पाचवे गुरू अर्जन यांनी ती घडीव केली. संगती पंजाबाबाहेर काबूलपासून पाटण्यापर्यंत पसरल्या होत्या. गुरू सर्वत्र पोहोचू शकत नव्हते. तेव्हा गुरूंचा प्रतिनिधी म्हणून मसंद उपदेश करी, उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दसवंध, गोळा करी आणि नव्या शिखाला गुरूंच्या वतीने दीक्षाही देई.

३/ ती जुनी दीक्षा म्हणजे 'चरण पाहुल'. गुरूंच्या पायाचा स्पर्श झालेले पाणी शिष्याने प्राशन करायचे. महाराष्ट्रात ज्याला पायाचे तीर्थ म्हणतात, त्याच जातीचा हा विधी. भारतभरच्या गुरुपरंपरांत तो आढळतो. भाई गुरदासांच्या वारांमध्ये त्याचा उल्लेख आहे. अहंकार गाळून पाडणे हा त्यामागचा भाव होता, यात शंका नाही. पण या विधीत एक चढण अंगभूत आहे. पाणी वरून खाली येते. पाय ज्याचा, तो वर. ओंजळ ज्याची, तो खाली. आणि तो पाय गुरूंच्या ऐवजी मसंदाचा झाला की त्या चढणीची शिडी व्हायला वेळ लागत नाही.

४/ तशी ती झालीही. मसंदपदे वंशपरंपरेने चालू लागली. गुरुघराण्यातील प्रतिस्पर्धी दावेदारांनी आपापले मसंद नेमले. दसवंध कोठे जिरतो याचा पत्ता लागेना. दहावे गुरू गोविंदसिंग यांची संगतींना पाठवलेली आज्ञापत्रे, म्हणजे हुकुमनामे, आज उपलब्ध आहेत. त्यांत एक सूचना पुन्हा पुन्हा येते: भेट मसंदाच्या हाती देऊ नका, स्वतः घेऊन या. आणि याच पत्रांत संगतीला उद्देशून 'खालसा' हा शब्द येतो. म्हणजे गुरूंची थेट रयत.

५/ याच्या जोडीला एक जखम होती. नोव्हेंबर १६७५ मध्ये नववे गुरू तेगबहादूर यांचा दिल्लीच्या चांदणी चौकात औरंगजेबाच्या हुकुमाने शिरच्छेद झाला. काश्मिरी पंडितांचे गाऱ्हाणे त्यांनी आपल्या शिरावर घेतले होते, असे शीख परंपरा सांगते. गुरू नानकांनी बालपणीच जानवे नाकारले होते. त्याच गादीवरचा नववा वारस दुसऱ्यांच्या जानव्यासाठी मृत्यूला सामोरा गेला. गुरूंचे मस्तक लपवून आनंदपूरला पोहोचवणारे भाई जैता हे त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या रंगरेटा समाजातले. त्या वेळी गोविंदराय नऊ वर्षांचे होते. दिल्लीतील अनेक शिखांना त्या दिवशी गर्दीत मिसळून जाता आले, कारण त्यांना ओळखावे असे अंगावर काहीच नव्हते. ही गोष्ट बालगुरूंच्या मनात रुतून राहिली, अशी आठवण परंपरेने जपली आहे.

६/ १६९९ ची वैशाखी. शिवालिकच्या पायथ्याशी, सतलजच्या काठच्या आनंदपुरात मोठा मेळा. गुरूंनी उपसलेल्या तलवारीनिशी एक मस्तक मागितले. पुढची कथा बहुतेकांना ठाऊक आहे: एकामागून एक पाच जण उठले, तंबूत गेले आणि शेवटी नव्या वेशात बाहेर आले. लाहोरचे दयाराम खत्री. हस्तिनापूरचे धरमदास जाट. जगन्नाथपुरीचे हिम्मत पाणक्या. द्वारकेचे मोहकमचंद छिंबा, म्हणजे कापड छापणाऱ्या-शिवणाऱ्या जातीचे. आणि बिदरचे साहिबचंद न्हावी. आपल्या दख्खनचा एक नाभिक या पहिल्या पाचांत होता, हे महाराष्ट्रात फारसे कोणी सांगत नाही.

७/ तंबूत नेमके काय घडले, बकरे कापले की कसे, यावर चर्चा झडत असतात. त्या चर्चेतून हाती फारसे लागत नाही. त्या दिवसाचे सविस्तर समकालीन वर्णन शिल्लक नाही. गुरूंच्या दरबारातील कवी सैनापती याचे 'श्री गुर सोभा' हे काव्य घटनेला सर्वांत जवळचे. त्यात खालशाची स्थापना आहे, मसंदांचे उच्चाटन ठळकपणे आहे, पण मस्तकाच्या मागणीचा प्रसंग नाही. तो रंगत गेला नंतरच्या गुरबिलास ग्रंथांत आणि एकोणिसाव्या शतकात रतनसिंग भंगू, संतोखसिंग यांच्या लेखणीतून. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने तलवारीपेक्षा त्यानंतर पुढे आलेल्या भांड्याकडे अधिक लक्ष द्यावे. तो विधी आजही होतो आणि त्याची रचनाच बोलकी आहे.

८/ लोखंडी पात्रात स्वच्छ पाणी घेतात. त्यात बत्तासे टाकतात. पहिल्या वेळी ते माता जीतो यांनी टाकले असे मानले जाते. पाच दीक्षित शीख पात्राभोवती वीरासनात बसतात, म्हणजे एक गुडघा जमिनीवर आणि एक उभा. दुधारी खंडा पाण्यात फिरवत जपजी, जाप, सवय्ये, चौपई आणि आनंद या पाच बाण्यांचे पठण होते. सगळा विधी गुरू ग्रंथ साहिबांच्या उपस्थितीत. मग प्रत्येकाला पाच ओंजळी अमृत पिण्यास, पाच वेळा डोळ्यांवर, पाच वेळा केसांत. उरलेले अमृत सर्वांनी त्याच पात्राला तोंड लावून प्यायचे.

९/ हे शेवटचे वाक्य आज सहज वाचून पुढे जाता येते. सतराव्या शतकात खत्री आणि न्हावी, जाट आणि पाणक्या एका भांड्याला ओठ लावतात, याचा अर्थ काय होता? उष्टे-सोवळ्याचा अवघा डोलारा त्या एका कृतीत कोसळतो. शिवाय या पाण्यात कोणाचा पाय नाही. पायाच्या जागी पोलाद आले, आणि वरून खाली येणारे पाणी पाच जणांच्या मध्यभागी ठेवले गेले. चरण पाहुलची जागा 'खंडे दी पाहुल'ने घेतली ती अशी.

१०/ पण खरा उलटफेर यानंतर आहे. पाचांना दीक्षा देऊन झाल्यावर गुरू त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी त्याच पात्रातून स्वतःसाठी दीक्षा मागितली. गोविंदरायचे गोविंदसिंग झाले ते या पाच शिष्यांच्या हातून. याला एक जुना आधारही होता. गुरू नानकांनी आपल्या हयातीतच लहणा नावाच्या शिष्याला 'अंगद' केले, गादीवर बसवले आणि त्याच्यापुढे स्वतः माथा टेकवला. १६९९ मध्ये तीच कृती एका वारसापुरती न राहता पंथाला मिळाली. त्या दिवसापासून कोणतेही पाच अमृतधारी शीख दीक्षा देऊ शकतात. मसंद हटवण्याचा याहून मुळावर घाव घालणारा उपाय कल्पनेत येत नाही: दीक्षा देण्याचा अधिकारच वाटून टाकायचा.

११/ दीक्षा घेणाऱ्याला सांगितले जाते की आजपासून तुझा पिता गुरू गोविंदसिंग, माता साहिब कौर, जन्मस्थान केसगढ साहिब, वास आनंदपूर साहिब. परंपरा पाच गोष्टींच्या 'नाशा'ची भाषा करते: धंद्यावरून ठरलेली पायरी, कुळ, जुना धर्म, जुने कर्मकांड आणि भ्रम. पुरुष सिंह, स्त्री कौर. आडनावातून जात सांगण्याची सोय संपली. केस कापणे, कुठ्ठा म्हणजे हलाल पद्धतीचे मांस, व्यभिचार आणि तंबाखू या चार गोष्टी कायमच्या वर्ज्य. हा नियमांचा भाग येथे इतकाच पुरे. तो कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळतो.

१२/ अवघड प्रश्न पुढे आहे. या दीक्षेने मुक्ती मिळते का? शीख विचारात मुक्ती ही मरणोत्तर मिळणारी जागा नाही. माणसाला बांधणारी गोष्ट म्हणजे 'हौमै', मी-पण. ते गळाले की जिवंतपणीच माणूस मुक्त. मराठी संतांच्या वाचकाला 'जीवन्मुक्त' ही कल्पना नवी नाही. गुरू अर्जनांच्या सुखमनीत तिचे वर्णन आहे. मात्र त्यासाठी रान गाठायचे नाही. नानकांचा 'सिध गोष्ट' हा संवादच मुळी नाथपंथी सिद्धांशी घातलेला वाद आहे: संसार सोडून पळणाऱ्याला काय मिळणार? नामस्मरण, कष्टाची कमाई आणि वाटून खाणे हे सारे बाजारात, शेतात, चुलीपाशी करायचे.

१३/ जपजीच्या अखेरीस नानक साधनेच्या पाच भूमी सांगतात: धरम खंड, ज्ञान खंड, सरम खंड, करम खंड आणि सच खंड. शेवटची भूमी निराकाराची, सत्याची. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या 'सचखंड एक्स्प्रेस'मध्ये मराठवाड्यातील कितीतरी माणसे चढतात, पण त्या फलाटावरील पाटीवर मुक्तीच्या अंतिम टप्प्याचे नाव आहे हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला, ते गोदाकाठचे तख्त सचखंड म्हणून ओळखले जाते. गाडीला नाव मिळाले ते त्यावरून. चौथी भूमी, करम खंड, हिचा अर्थ अनेक अभ्यासक फारसी 'करम' म्हणजे कृपा असा लावतात. कृपेच्या या प्रदेशात नानकांना दिसतात ते शूर योद्धे. ही खूण पुढे कामी येईल.

१४/ या पाचही भूमींत दीक्षाविधीचा उल्लेख नाही. तो असणेही शक्य नव्हते. जपजी १६९९ च्या दीडशेहून अधिक वर्षे आधीचे. त्याहून बोलकी गोष्ट अशी की ज्या ग्रंथासमोर अमृत तयार होते, त्यात कबीर विणकर आहेत, रविदास चर्मकार आहेत, शेख फरीद आहेत आणि आपले नामदेव एकसष्ट पदांनिशी आहेत. यांपैकी एकानेही खंड्याचे अमृत घेतले नव्हते. तरी त्यांची वाणी गुरूच्या स्थानी आहे आणि तिच्यापुढे अमृतधारी माथा टेकतो. तेव्हा दीक्षेशिवाय मुक्ती नाही, असे मत या ग्रंथाच्या आधारे मांडणे कठीण. अमृत ही पोहोचपावती नाही. चालायला निघाल्याची चार माणसांसमोर दिलेली ग्वाही आहे. कृपा, 'नदर', ही कोणाच्या विधीला बांधलेली नाही.

१५/ मग विधी हवा कशाला? याचे उत्तर धर्मशास्त्रात शोधण्यापेक्षा १९२० च्या अमृतसरात शोधावे. दोन शतके उलटली होती. रंगरेटा आणि इतर दलित समाजांतील शिखांनी अमृत घेतले, तरी हरिमंदिर साहिबचे पुजारी त्यांच्या हातचा कडाह प्रसाद स्वीकारत नसत. ज्या पंथाच्या गुरूंचे मस्तक भाई जैतांनी आनंदपूरपर्यंत आणले, त्या पंथाच्या केंद्रस्थानी त्यांच्याच भावंडांचा प्रसाद बाटलेला ठरत होता. शिडी परत आली होती. फक्त मसंदाच्या जागी पुजारी होता.

१६/ १२ ऑक्टोबर १९२० रोजी जालियनवाला बागेत खालसा बिरादरी या संस्थेच्या दिवाणात अनेक दलितांनी अमृत घेतले. तेथून हा नवदीक्षितांचा जथा प्रसाद घेऊन दरबार साहिबात गेला. सोबत खालसा कॉलेजातील प्राध्यापक मंडळी होती. पुजाऱ्यांनी नकार दिला. वाद वाढला तेव्हा ठरले की ग्रंथच उघडावा आणि जे पद समोर येईल त्याची आज्ञा मानावी. ग्रंथ उघडला. समोर आले गुरू अमरदासांचे सोरठ रागातील पद, ज्याचा आशय असा की गुणहीनांनाही प्रभू स्वतः क्षमा करून आपल्या सेवेत जोडून घेतो. प्रसाद स्वीकारावा लागला. जथा समोरच्या अकाल तख्ताकडे वळला, तेव्हा तेथील पुजारी जागा सोडून निघून गेले आणि करतारसिंग झब्बर यांच्या हाकेवर स्वयंसेवकांनी तख्त सांभाळले. महिनाभरातच, नोव्हेंबर १९२० मध्ये, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती अस्तित्वात आली. आज शीख जगातील सर्वांत मोठ्या संस्थेच्या जन्माशी एका ताटातल्या प्रसादाचा हा वाद जोडलेला आहे.

१७/ हा दिवस डॉ. आंबेडकरांच्या परिचयाचा नसेल, असे संभवत नाही. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी शीख धर्माचा गांभीर्याने विचार केला, एप्रिल १९३६ मध्ये अमृतसरच्या शीख परिषदेला ते उपस्थित राहिले, आणि मुंबईच्या माटुंग्यात १९३७ साली उभे राहिलेले खालसा कॉलेज त्याच संबंधाचे फळ. त्यांनी अखेर बुद्धाचा मार्ग धरला. पंजाबातील अनेक गावांत आजही जातवार वेगळे गुरुद्वारे आहेत, ही वस्तुस्थिती सांगितल्याशिवाय एका पात्राची कथा सांगणे अप्रामाणिक ठरेल.

१८/ समाजाने शब्द मोडला, तसा व्यक्तीही मोडते. दीक्षा घेतलेला माणूस फिरला तर काय? याचे उत्तर देणारा प्रसंग खालशाच्या स्थापनेनंतर काही वर्षांतच घडला. मोगल आणि डोंगरी राजांच्या फौजांनी आनंदपूरला वेढा घातला होता. महिने लोटले, धान्य संपले, झाडांच्या सालींवर दिवस निघू लागले. माझा प्रदेशातील चाळीस शिखांनी घरी जाण्याची परवानगी मागितली. गुरूंनी सांगितले, जा, पण लिहून द्या. त्यांनी लिहून दिले: आपण आमचे गुरू नाही, आम्ही आपले शीख नाही. सह्या केल्या आणि निघून गेले. या कागदाला 'बेदावा' म्हणतात. हक्क सोडल्याचे पत्र. पुन्हा एकदा महसुली, दप्तरी शब्द.

१९/ घरी त्यांचे स्वागत झाले नाही. झबाल गावच्या माई भागो हिने त्यांना बोल लावले, स्वतः शस्त्र धरले आणि त्यांना परत फिरवले. १७०५ च्या सुमारास, आनंदपूर सुटले होते, गुरूंचे चारही पुत्र मारले गेले होते आणि सरहिंदचा वजीरखान पाठलागावर होता. माळव्याच्या कोरड्या मुलखात खिदराना नावाच्या तळ्याजवळ या चाळीसांनी वजीरखानाची फौज अडवली. पाण्याच्या त्या एकमेव जागेसाठी झालेल्या लढाईत ते जवळजवळ सर्वजण पडले.

२०/ लढाई सरल्यावर गुरू रणभूमीवर एकेकापाशी गेले. महासिंग याच्यात अजून धुगधुगी होती. काय हवे, असे गुरूंनी विचारले. त्याने मागितले एवढेच, की तो कागद फाडून टाकावा. घर गेले, किल्ला गेला, पुत्र गेले, पण तो कागद गुरूंनी जवळ बाळगला होता. त्यांनी तो काढला आणि फाडला. या चाळीसांना 'मुक्ते' म्हटले गेले आणि खिदरान्याचे झाले मुक्तसर. करम खंडातील शूर येथे आठवावेत. 'मुक्त' ही पदवी पंथाने ज्यांच्या नावापुढे कायमची लावली, ते बिनडागी साधक नव्हते. लेखी नकार देऊन परत आलेले लोक होते.

२१/ १९४५ मध्ये संमत झालेल्या शीख रहित मर्यादेत याचेच नियमरूप सापडते. चार वर्ज्य गोष्टींपैकी एखादी केली तर दीक्षा तुटते. पण चूक कबूल करून आलेल्याला पुन्हा अमृत देता येते. लहान चुकांसाठी 'तनखाह', बहुधा सेवेच्या रूपातला दंड. कायमचे दार बंद करण्याची तरतूद मुळात नाही.

२२/ माई भागो लढाईतून वाचली. ती गुरूंसोबत दक्षिणेत नांदेडपर्यंत आली, आणि परंपरेनुसार तिचे उत्तरायुष्य बिदरजवळच्या जनवाडा येथे, पहिल्या पाचांतील साहिबसिंगाच्या जन्मभूमीत गेले. तिने परत आणलेले चाळीस जण शिखांच्या रोजच्या अरदासमध्ये 'चाली मुक्ते' म्हणून आठवले जातात. दरवर्षी माघीला मुक्तसरच्या सरोवरात लोक स्नान करतात. त्या सरोवराकाठच्या मुख्य गुरुद्वाराचे नाव टुट्टी गंढी साहिब. पंजाबीत 'टुट्टी' म्हणजे तुटलेली, 'गंढी' म्हणजे गाठ मारून जोडलेली.